हिवाळ्यातील दुब्रोव्हनिक

एड्रिॲटिक समुद्राच्या काठी, क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला दुब्रोव्हनिक हे तटबंदीचे नगर वसलेले आहे. उन्हाळ्यात त्याच्या 'स्त्रादून' या मुख्य रस्त्यावर जत्रेसारखी दाटी होते. परंतु नगराची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर प्रवाशाने जानेवारी-फेब्रुवारीत जावे. त्या दिवसांत डोंगरावरून 'बुरा' नावाचा बोचरा वारा उतरतो, पाऊस वारंवार येतो, अनेक खाणावळींना कुलपे असतात आणि शतकानुशतके पावलांनी गुळगुळीत झालेली चुनखडीची फरसबंदी ओली होऊन चमकत असते.

सुमारे १,९४० मीटर लांबीच्या तटावरून फिरताना खाली कौलांचा विस्तार दिसतो. कोकण-गोव्याच्या माणसाला कौलांचे नवल नाही. पण येथे काही कौले जुनी, फिकट पिवळसर, तर बहुतेक नवी, तांबडी आहेत. हा भेद युद्धाने केला. युनेस्कोने १९७९ साली जागतिक वारशात घेतलेल्या या नगराला १९९१ च्या ऑक्टोबरात वेढा पडला. ६ डिसेंबर रोजी सर्वांत भीषण मारा झाला. जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना तोफगोळे लागले. पुढे कारागिरांनी दगडाला दगड आणि कौलाला कौल जोडून नगर पुन्हा उभारले. १९९८ साली धोक्यातील वारशांच्या यादीतून त्याचे नाव निघाले.

दगड जोडता आले; वस्ती मात्र विरळ झाली. युद्धापूर्वी तटाच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत. आज ही संख्या दोन हजारांच्याही खाली आहे. अनेक घरे पाहुण्यांना भाड्याने दिली जातात. उन्हाळ्यात गर्दीमुळे ही उणीव झाकली जाते. हिवाळ्यात मिटलेल्या खिडक्या ती उघड करतात. गर्दीला आळा घालण्यासाठी नगरपालिकेने प्रवासी जहाजांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. तथापि गर्दी कमी करणे निराळे आणि गेलेली कुटुंबे परत आणणे निराळे.

अशा सामसुमीत ३ फेब्रुवारीला ग्रामदैवतासारख्या मानलेल्या संत व्लाहोचा उत्सव येतो. आसपासच्या गावांतील लोक निशाणे घेऊन तटाच्या आत जमतात. संताच्या जुन्या रुपेरी मूर्तीच्या हातात नगराची छोटी प्रतिकृती आहे. ती १६६७ च्या भूकंपापूर्वीच्या नगराची. भूकंपाने ते नगर मोडले, लोकांनी दुसरे बांधले. नगर टिकते ते त्यात राहणाऱ्यांमुळे, हे त्या दिवशी निशाणांमागून चालणाऱ्या माणसांकडे पाहून कळते.