सेरेत्सेचे आजोबा
(शेतकरी व विद्यार्थी यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज आपल्यापुढें एका आजोबांची गोष्ट सांगावी असें आम्हीं ठरविलें आहे. हे आजोबा आमचे नव्हेत. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील बोत्स्वाना देशांतले. त्यांचा नातू सेरेत्से खामा १९६६ सालीं त्या देशाचा पहिला अध्यक्ष झाला, म्हणून नातवाचें नांव आपल्यापैकीं कांहींच्या कानांवर असेल. आजोबांचेंहि नांव खामाच. इतिहासांत त्यांना तिसरे खामा म्हणतात. ते मोठ्या गुरांचे धनी होते, लढाया पाहिलेले शिपाई होते आणि ख्रिस्ताचे निष्ठावंत भक्त होते. बांग्वाटो नांवाच्या लोकांचे राजेहि होते; पण राजे पुष्कळ होऊन गेले. ह्या गृहस्थांनीं राजेपणांतून काय काय सोडून दिलें आणि काय सोडलें नाहीं, तें आम्हांला सांगावयाचें आहे.

प्रथम त्या मुलखाची ओळख करून घ्या. एका बाजूला कालाहारीचें वाळवंट, पाऊस थोडा आणि शेती बेभरंवशाची. आज त्या देशाच्या नाण्यालाच 'पुला' म्हणजे पाऊस असें नांव आहे, यावरून काय तें समजा! अशा ठिकाणीं माणसाची दौलत म्हणजे त्याचीं गुरें. लग्नांत गुरें, दंडांत गुरें, मानपानांत गुरें. आणि ज्याच्या हातांत गुरें त्याच्या हातांत माणसें.

ही गोष्ट राजेलोक चांगली जाणून होते. आपल्याकडे गाय अर्धलीनें पोसावयास देतात तें आपणांस ठाऊक आहे. तेथील राजाहि आपलीं गुरें निरनिराळ्या माणसांकडे ठेवी. त्या माणसानें राजवाड्यांत दूध पोंचतें करावयाचें. या वहिवाटीला त्यांच्या भाषेंत दुधाच्या चरवीचेंच नांव होतें. येथपर्यंत ठीक. पण मेख पुढें आहे. राजाचीं गुरें एकदां दावणीला बांधलीं कीं त्या माणसाचीं स्वतःचीं गुरेंसुद्धां राजाचींच समजावयाचीं! राजाची मर्जी फिरली तर घरचें व दारचें सगळें हांकून न्यावें, आणि दुसऱ्याच्या गोठ्यांत बांधावें. मग बोलण्याची छाती कोण करील? तोंडाला कुलूप घालावयास यापेक्षां चांगली किल्ली शोधून सांपडणार नाहीं. खामांनीं गादीवर आल्यावर हा हक्क सोडून दिला. ज्याच्याकडे गुरें त्याचींच तीं, आणि त्याच्यामागें त्याच्या मुलांचीं, असें ठरलें. त्यांच्या चरित्रांत प्रार्थनेच्या गोष्टी पुष्कळ सांगतात; आम्हांला मात्र त्यांचा धर्म या एका ठरावांत जास्त दिसतो.

हा माणूस सुखासुखीं भक्त झाला नव्हता. जन्म १८३७ च्या सुमाराचा. वडील सेखोमा हे जुन्या रिवाजाचे राजे. पाऊस पाडण्याचे विधि तेच करीत. मुलानें १८६० सालीं एका जर्मन लूथरपंथी मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतला, आणि १८६२ सालीं ख्रिस्ती रीतीनें लग्न केलें. वडिलांनीं दुसरी बायको ठरविली, मुलानें नाकारली. वयांत येणाऱ्या मुलांचा जो विधि होता त्यालाहि तो जाईना. राजाच्या थोरल्या मुलानेंच असें केलें तर राजाची अब्रू काय राहिली? पण हाच मुलगा १८६३ सालीं एंडेबेले लोकांचा हल्ला आला तेव्हां वडिलांच्या बाजूनें पुढें होऊन लढला. त्या लढाईंत त्याच्या गोळीनें लोबेंगुला, जो पुढें एंडेबेल्यांचा राजा झाला, तो मानेला जखमी झाला असें सांगतात. तरी १८६६ सालीं बापलेकांत उघड लढाई जुंपलीच. पुढें कित्येक वर्षें गादी या हातांतून त्या हातांत गेली, आणि १८७५ सालीं ती खामांच्या हातीं कायम झाली.

राज्य हातीं आल्यावर त्यांनीं दारू धरली. म्हणजे दारूची मान धरली! गोरे व्यापारी ब्रँडी आणीत. खामांनीं बंदी केली, आणि न ऐकणाऱ्या व्यापाऱ्यांना गांवाबाहेर काढलें. गोऱ्याला हांकून देणारा काळा राजा त्या काळीं विरळा. पण परक्याची बाटली फोडणें त्या मानानें सोपें. खामांनीं घरोघरची धान्याची दारूहि बंद केली, तेव्हां स्वतःचे लोकच कुरकुरूं लागले आणि चोरून गाळूं लागले. हा कायदा कधींच पुरता पाळला गेला नाहीं.

आतां एक कडू गोष्ट. १८९३ सालीं सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीनें एंडेबेल्यांवर स्वारी केली, तेव्हां खामांनीं कंपनीच्या मदतीला आपलीं माणसें दिलीं. जुनें वैर होतें, हें खरें. पण शेजाऱ्याचें घर गिळलेल्याला आपलें अंगण कां नको असावें? दोन वर्षें झालीं नाहींत तोंच तीच कंपनी खामांच्या मुलखावर हक्क सांगूं लागली. १८९५ सालीं खामा, बाक्वेनांचे सेबेले व बांग्वाकेत्सेंचे बाथोएन हे तिघे विलायतेस गेले. बरोबर विलोबी नांवाचे मिशनरी होते. वसाहतमंत्री चेंबर्लेन यांना भेटले. नुसते कचेरींत बसून राहिले नाहींत. गांवोगांवच्या देवळांतून व दारूबंदीच्या सभांतून सामान्य इंग्रजांपुढें बोलले. ज्या धर्माचा उपदेश तुम्ही आम्हांला केला, त्याच धर्माच्या नांवानें आम्ही तुम्हांला विचारतों, असा त्यांचा रोंख होता. रेल्वेकरितां जमिनीचा एक पट्टा द्यावा लागला. देश मात्र कंपनीच्या घशांतून सुटला. त्याच सालाच्या अखेरीस कंपनीच्या जेम्सन साहेबांनीं ट्रान्सवालवर फसलेली धाड घातली, तिचाहि या सुटकेस हातभार लागला. आज गाबोरोन शहरांत या तिघांचे पुतळे उभे आहेत.

घरीं परततात तों १८९६ सालीं बुळकांडी आली. बुळकांडी म्हणजे काय तें येथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा. हिंदुस्थानांतून नेलेल्या गुरांबरोबर ती १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली असें मानितात. दक्षिणेंत पोंचल्यावर तिनें कित्येक ठिकाणीं दहांतलीं नऊ गुरें नेलीं. ज्या देशांत गुरें हीच पेढी, तेथें पेढीच बुडाली. मजुरीसाठीं खाणींकडे जाणाऱ्या तरुणांची रांग त्यानंतर वाढत गेली. (२०११ सालीं हा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.)

खामांचीं गुरें रानांत राखीत कोण? मुख्यतः बासार्वा लोक. परके त्यांना बुशमन म्हणत. ते पिढीजाद चाकर. खामांनीं त्यांना स्वतःची मालमत्ता बाळगण्याची मोकळीक दिली, त्यांची देवघेव होऊं नये असें ठरविलें; पण चाकरी तशीच राहिली. सरदारांना जो न्याय पुरता मिळाला, तो गुराख्याच्या झोंपडीपाशीं येऊन थबकला. खामांच्या मृत्यूनंतर, १९३१ सालीं, इंग्रज सरकारला या चाकरीची चौकशी नेमावी लागली. त्यांचे भक्त ही गोष्ट हळू आवाजांत सांगतात. आम्ही ती मोठ्यानें सांगतों, कारण त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे.

घरांतहि ते कठोर होते. भाऊबंदांशीं बिघडलें, आणि खुद्द मुलाशीं, धाकट्या सेखोमाशीं, कित्येक वर्षें बोलणें तुटलें. वडिलांशीं झालें तेंच मुलाशीं झालें! अखेर म्हातारपणीं समेट झाला, आणि १९२१ सालीं नातू जन्मला. त्याचें नांव सेरेत्से ठेविलें. त्याचा अर्थ सांधणारी माती, भिंतीच्या विटा धरून ठेवणारा चिखल. बापलेक जोडले गेले त्याची ही खूण. नातू दीड वर्षाचा असतां, १९२३ च्या फेब्रुवारींत, आजोबा वारले. मांडीवर बसून गोष्टी ऐकण्याचें भाग्य नातवाला लाभलें नाहीं.

तरी आजोबांचा हट्ट त्याच्यांत उतरलाच. १९४८ सालीं लंडनमध्यें सेरेत्सेनें रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशीं लग्न केलें. चुलते त्शेकेडी यांनीं कसून विरोध केला. आजोबांनीं बापाची बायको नाकारली होती. नातवानें चुलत्याची नापसंती झेलली. पण १९४९ सालीं सेरोवे येथील गांवसभेंत लोकांनींच निकाल दिला. हजारों पुरुष उठून त्याच्या बाजूनें उभे राहिले. लोक तयार, तर सरकार नाराज! दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेष्ट्या सरकारची मर्जी राखण्यासाठीं इंग्रजांनीं १९५० सालीं त्याला देशाबाहेर ठेविलें. १९५६ सालीं तो परतला, तो गादीवरचा हक्क सोडून, साधा रयत म्हणून. गुरें पाळून पाहिलीं. आजोबांची हातोटी कांहीं साधली नाहीं. दहा वर्षांनीं त्याच रयतेला लोकांनीं देश चालवावयास दिला.

सेरोवे गांवाजवळच्या टेंकडीवर आजोबांची कबर आहे. तिच्यावर सिंह नाहीं कीं तलवार नाहीं. त्यांच्या कुळाचें देवक असलेलें एक लहानसें काशाचें हरीण उभें आहे. १९८० सालीं सेरेत्से वारला, तेव्हां त्यालाहि त्याच टेंकडीवर आणून पुरलें.