फळ्यापाशी जायचंय, पण डोळे उघडे ठेवून

(अल्फारेटात आपल्या काही लोकांपुढे केलेलं हे बोलणं. दुबईच्या साइटवर किंवा कतारच्या हॉटेलात असणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे देतोय.)



आधी ओळख. मी मूळचा बार्शीचा, वय 43. बी.एस्सी., मग एम.सी.ए. अटलांटाच्या उत्तरेच्या या गावात अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतोय. आता मला गणिताचा मास्तर व्हायचंय. हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललो तेव्हा घशाला कोरड पडली होती.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी प्रोजेक्ट संपला आणि कंपनीनं मला नऊ आठवडे बिनपगारी बेंचवर बसवलं. मला वाटलं, काम नाही तर पगार नाही, रीतच आहे. पण तसं नाही! एच-1बीवरच्या माणसाला मालक काम देऊ शकला नाही, तरी पगार द्यावाच लागतो. न दिल्यास श्रम खात्याकडे डब्ल्यूएच-4 फॉर्म भरून बारा महिन्यांत तक्रार करता येते. मला हे कळलं तेव्हा मुदत उलटली होती. तुम्ही तेवढा उशीर करू नका.

त्या रिकाम्या दिवसांत शेजारच्या दोन पोरांना अपूर्णांक शिकवले, फुकटच. एकीनं पोळीचे आठ तुकडे केले, तीन खाल्ले आणि म्हणाली, "काका, पाच अष्टमांश उरली." तेव्हाच ठरलं.

आता वाट सांगतो. जॉर्जियात बी.एड. नसलेल्या पदवीधराला 'जीएटॅप' नावाचा मार्ग आहे. आधी शाळेत नोकरी मिळवायची, मग शिकवता शिकवता प्रमाणपत्र घ्यायचं. विषयाची 'गेस' परीक्षा द्यावी लागते. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. आपली तीन वर्षांची पदवी काही वेळा इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

खरी अडचण व्हिसाची. एच-1बी मालकाशी बांधलेला असतो. शाळेनं माझ्यासाठी अर्ज केला तरच मी तिथे शिकवू शकतो. आहे ती नोकरी आधी सोडली, तर हातात जास्तीत जास्त 60 दिवस. म्हणून राजीनामा शेवटी, अर्ज आधी. मुलाखतीत मी स्वतःची ओळख करून देताना लगेच विचारतो, "व्हिसाचा अर्ज तुम्ही कराल का?" लाजायचं कशाला? नकार आला तर आजच कळलेला बरा.

आणि पैसे. एच-1बीच्या अर्जाचा, वकिलाचा खर्च मालकाचा. तो तुमच्याकडून घेता येत नाही. मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी तो परदेशी शिक्षकांकडून घेतला होता. 2011 मध्ये हजाराहून जास्त शिक्षकांना सुमारे 42 लाख डॉलर परत द्यायचं त्यांना कबूल करावं लागलं. लुइझियानात साधारण 350 फिलिपिनो शिक्षकांना भरती एजन्सीनं भरमसाट फी लावून कर्जात बुडवलं. ते एकत्र कोर्टात गेले आणि 2012 मध्ये ज्यूरीनं 45 लाख डॉलर भरपाई दिली. मास्तरकीची नोकरी कितीही मानाची असो, एजंट तोच असतो, जो गल्फच्या तिकिटाला भेटतो. पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका, पावतीशिवाय छदाम देऊ नका.

पगार बराच कमी होईल. घरी वाद झाले. बायको म्हणाली, "कर्ज फिटू दे, मग जा." तिचं बरोबर आहे. अजून चौदा हप्ते आहेत. तोवर परीक्षा आणि कागदपत्रं.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यांसाठीच. दमून आलेला माणूसही शिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्यापैकी कुणाला वेल्डर राहायचं असेल, कुणाला नर्स व्हायचं असेल. काहीही व्हा, पण सही करण्याआधी कागद वाचा. नाही कळला तर कुणाला तरी वाचायला लावा.

मी अजून मास्तर झालो नाही. पण पहिला धडा एवढाच होता.