आमचे पत्र आणि आमचे मत
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

मनुष्य घर बदलतो, धंदा बदलतो, प्रसंगी पक्षही बदलतो. परंतु सकाळी चहाबरोबर हाती येणारे दैनिक तो सहसा बदलीत नाही. वडिलांनी सुरू केलेली वर्गणी मुलगा पुढे चालवितो आणि त्या पत्राचा उल्लेख मोठ्या जिव्हाळ्याने 'आमचा पेपर' असा करतो. या 'आमचा' शब्दात काय काय सामावलेले असते, आणि त्यातले काय जपावे व कशापासून सावध राहावे, याचा थोडा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

मराठी वाचकाला मतप्रधान पत्राचे वावडे कधीच नव्हते. 'केसरी' १८८१ साली निघाला, तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी त्यांचे पटेना, तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पद सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. दोन मते दोन पत्रांतून उघडपणे वाचकापुढे आली. यात कोणाचीही फसवणूक नव्हती. 'केसरी'तील लेखांबद्दल १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यानंतर त्या पत्राची वर्गणी भरणे ही केवळ बातम्यांची खरेदी राहिली नाही. पत्राला मत असणे हा दोष नव्हे. ते मत बातमीच्या वेषात घरात शिरणे, हा दोष होय.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या निष्ठेत आणखी एक धागा मिसळलेला असतो. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, आणि त्यानंतर तेथे मराठी दैनिक घेणे म्हणजे आपण कोण आहोत हे दररोज स्वतःलाच सांगणे झाले. ही भावना मोलाची आहे. परंतु तिच्याबरोबर एक अडचणही येते. जेथे आपल्या भाषेतील पत्रे मोजकी, तेथे भाषेवरील प्रेमाच्या आधाराने पत्राचे राजकीय मतही न विचारता घरात येऊन बसते. मग त्याच्या एखाद्या अग्रलेखाला विरोध केला तर भाषेशीच द्रोह होईल की काय, असे वाचकास वाटू लागते.

ही भीती किती निराधार आहे, हे गोव्याच्या इतिहासावरून उत्तम कळते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तीनच महिन्यांनी, १९६२ च्या मार्चमध्ये, 'गोमंतक' हे मराठी दैनिक सुरू झाले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, हे त्याचे मत होते. विलीनीकरणास विरोध करणारे प्रमुख पत्र म्हणजे मडगावचे 'राष्ट्रमत'. आणि तेही मराठीच! उदय भेंब्रे यांचे विलीनीकरणाविरुद्धचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्याच मराठी पत्रात प्रसिद्ध होई. याचे कारण उघड आहे. घरी कोकणी बोलणारा, परंतु वाचन मराठीत करणारा वर्ग तेथे मोठा होता. त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर कोकणीच्या कैवाऱ्यांनाही मराठीचाच आश्रय घ्यावा लागला. भाषा एक, लिपी एक, वाचकवर्गही बराचसा एक. आणि मते मात्र परस्परांच्या अगदी विरुद्ध.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, फुलाला १,३८,१७०. ज्याच्या घरी फक्त विलीनीकरणवादी पत्र येत असेल, त्याला ३४,०२१ मतांची ही तफावत अनाकलनीय वाटली असेल. आपल्याभोवती इतके लोक निराळा विचार करीत होते, हे त्याला कळावे तरी कोठून?

परंतु कथा येथे संपत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या, दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच तीसपैकी सोळा जागा मिळाल्या. आता चकित होण्याची पाळी दुसऱ्या पत्राच्या एकनिष्ठ वाचकाची होती. जानेवारीत एकाचा अंदाज चुकला, मार्चमध्ये दुसऱ्याचा. मतदाराने मात्र गोव्याचे स्थान काय असावे आणि राज्य कोणी चालवावे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. ज्याची निष्ठा एकाच पत्रावर, त्याला हा भेद दिसणे कठीण होते.

मग पत्रावर निष्ठा ठेवूच नये काय? जरूर ठेवावी. लोकाश्रयावाचून पत्र जगत नाही, आणि वर्गणीच्या रकमेत दैनिकाचा सारा खर्च भागत नाही. उरलेला भार जाहिरातदार आणि मालक उचलतात. वाचक सुटला की त्यांचाच शब्द चालणार. पण निष्ठावंत वाचकाने आपल्या पत्राची परीक्षाही घेत असावे. पत्राला अप्रिय असलेली बातमी ठळकपणे येते, की आतल्या पानाच्या कोपऱ्यात दडविली जाते? वाचकांच्या पत्रव्यवहारात विरोधी सूर उमटू दिला जातो काय? जे पत्र या कसोटीस उतरते, त्याचे मत आपल्याला पटो वा न पटो, ते घरात यावयास योग्य आहे. आणि जे उतरत नाही, त्याला चार ओळी लिहून तसे कळविणे हे जुन्या वर्गणीदाराचे कर्तव्यच आहे.

हल्ली बातमी खिशातील फोनवर येते, आणि तेथे तर आपल्याला आवडेल तेच नेमके पुढे केले जाते. शेजाऱ्याच्या ओट्यावर पडलेले दुसरे दैनिक सहज चाळण्याची संधीही त्यामुळे कमी झाली. म्हणून आता ती सवय जाणूनबुजून लावून घ्यावी लागेल. आपले पत्र अवश्य घ्यावे. परंतु आठवड्यातून एक दिवस तरी आपल्या मताविरुद्धचा अग्रलेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आपले मत त्याने बदलेलच असे नाही. पण उद्या ज्याच्याशी एकाच रांगेत उभे राहून आपण मतदान करणार आहोत, तो शेजारी काय विचार करतो आहे, हे निकालाच्या दिवसापूर्वी आपल्याला ठाऊक असेल.