दगडू, नकुशी आणि आपण



कुठल्याही बारशाला जा. नाव ठरवताना आजीचं मत घेतलेलं असतं, मामाचं घेतलेलं असतं, पत्रिका करणाऱ्या गुरुजींनी अक्षर काढून दिलेलं असतं. मग आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' करते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. ज्याचं नाव, त्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं. तो एक तर झोपलेला असतो, नाहीतर रडत असतो. आणि पुढे जन्मभर ते नाव वागवायचं त्यानेच!

पण माणूस रुळतो हो. साडेचार महिन्यांचं मूल इतर शब्दांतून आपलं नाव वेगळं ओळखतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. 1985 साली बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ योझेफ नटिन यांनी आणखी एक गंमत दाखवली. लोकांना नुसती अक्षरं दाखवून त्यातली आवडती निवडायला सांगितलं, तर ते नकळत आपल्या नावातली अक्षरं जास्त निवडतात. म्हणजे 'मला माझं नाव आवडत नाही' म्हणणारासुद्धा आतून त्याच्याशी बांधलेला असतो.

आपल्याकडे तर एका माणसाला दोन-तीन नावं सहज असतात. पत्रिकेतलं नाव नक्षत्राच्या चरणावरून येतं. अश्विनीला चू, चे, चो, ला ही अक्षरं. आता 'चू'वरून नाव काढायचं म्हणजे भल्याभल्यांची दमछाक. म्हणून ते पत्रिकेतच राहतं. दुसरं पाळण्यातलं आणि तिसरं हाकेचं. या तिघांत जिंकतं कोण? बहुतेक वेळा हाकेचं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात सगळे 'बाळ' म्हणायचे, आणि इतिहासात गेले ते बाळ गंगाधर. शिरवाडकरांचं तर आणखी निराळं. ते जन्मले गजानन म्हणून, काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. तिसरं नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलं, कुसुमाग्रज. एकुलत्या एका बहिणीचं नाव कुसुम, तिचा हा थोरला भाऊ. निवडायची संधी मिळाली तेव्हाही त्यांनी आपली ओळख कुणाच्या तरी नात्यातच सांगितली, हे मला फार बोलकं वाटतं.

बायकांना ही संधी कुठली? लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. कायद्याने याची काहीही गरज नाही, तरी पिढ्यान् पिढ्या ते चाललं. अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. सासरी गेल्यावर बाई सूनबाई झाली, वहिनी झाली, अमक्याची आई झाली. माहेरचं नाव घेणारे शेवटी उरायचे आईवडील आणि भाऊ. ते गेले की त्या नावाने तिला हाक मारणारं जगात कुणीच नसायचं. नवऱ्याचं नाव घेण्यासाठी आपण उखाण्यांचा एवढा पसारा मांडला. बायकोचं मूळ नाव घ्यायला एकही नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचंही नाव लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. उशिरा का होईना, बरं झालं.

आता जरा अवघड नावांकडे येऊ. दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकाजी. आज शाळेत असं नाव असलं तर पोराची धडगत नाही. पण ही नावं ठेवली कुणी? आधीची दोन-तीन मुलं हाती लागली नाहीत, अशा आयांनी. दृष्ट लागू नये, काळाने याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव. काही ठिकाणी तर बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणत. नाव कचऱ्याचं, पण त्यामागे 'हा जगू दे' एवढा एकच धोसरा. जुन्या पिढीतले कितीतरी दगडूबुवा ताठ मानेने ते नाव सांगत, याचं मला नवल वाटत नाही.

याच्या शेजारी 'नकुशी' हे नाव ठेवून पाहा. दोन-तीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली, आता पुरे, पुढचा मुलगा व्हावा, म्हणून ठेवलेलं. पहिलं नाव मूल जगावं म्हणून, दुसरं ते नको होतं म्हणून. रोज सकाळी वर्गात गुरुजी हजेरी घेणार, 'नकुशी' म्हणणार, आणि तिने 'हजर' म्हणायचं. दहा वर्षांच्या मुलीला यातलं सगळं कळतं.

2011 साली ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून काढल्या आणि सुमारे 280 जणींचं नव्याने बारसं केलं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी आवडत्या नटीचं. मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या 894. दहा वर्षांपूर्वी 913 होत्या. म्हणजे नकुशी हे नाव ज्यांना मिळालं, त्या निदान जन्माला तरी आल्या होत्या.

कागदावर नाव बदलणं त्या मानाने सोपं. राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येतं, मग दाखला, शिधापत्रिका, बँक. अवघड असतं ते वाडीतल्या लोकांची जीभ वळवणं. पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर, चुलत्याच्या घरी जुनीच हाक येते. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावात, नात्यात, शाळेत अशी कुणी असेल, आज ती बाई झालेली असेल, तर तिला विचारा की तुला कुठल्या नावाने बोलवू? ती सांगेल त्याच नावाने बोलवा, आणि शेजाऱ्यांनाही तसंच बोलवायला लावा.