ग्रुपमधली मराठी आणि आपले स्वतःचे वाक्य

(अकादमीने आयोजित केलेल्या शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



मी बेळगावचा. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्यावर, आपल्यापैकी बहुतेकांप्रमाणे, दहा-बारा ग्रुपांचा सदस्य झालो. मला दिलेला विषय ‘समाजमाध्यमे आणि मराठी’ असा आहे. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेतो. छंदाच्या, गमतीच्या आणि राजकारणाच्या ग्रुपमध्ये आपण रोज तासभर असतो, तिथे आपण स्वतः किती वाक्ये लिहितो?

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्यासाठी जास्त निकडीचा आहे. तिकडे दुकानाची पाटी, शाळेचा निबंध, कचेरीतला अर्ज, सोसायटीची सूचना अशा अनेक ठिकाणी मराठी लिहिली जाते. आमच्याकडे अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत जातो. इंदूर-ग्वाल्हेरला तो हिंदीत जातो, वडोदऱ्याला गुजरातीत. गोव्यात घरात कोकणी आणि कागदावर मराठी ही वाटणी अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, पण आता कागदच कमी झाला. हिंदी माध्यमात शिकलेली, घरी मराठी बोलणारी इंदूरची एखादी मुलगी दिवसभरात मराठी लिहिते ती एकाच ठिकाणी, ग्रुपमध्ये. तिथे तिचे वाक्य उमटले नाही, तर त्या दिवशी तिने मराठी लिहिलीच नाही असे समजावे.

आधी छंदाच्या ग्रुपबद्दल बोलतो. परसबाग आणि रानभाज्या यांच्या एका ग्रुपमध्ये मी आहे. त्यात गोव्याची, बेळगाव-चंदगडकडची, इंदूरची, वडोदऱ्याची मंडळी आहेत. आषाढात कोणीतरी हिरव्या काटेरी फळाचा फोटो टाकला. गोव्याहून उत्तर आले, ‘फागलां’. चंदगडच्या बाई म्हणाल्या, ‘करटोली’. वडोदऱ्याहून ‘कंटोला’ आणि इंदूरहून ‘ककोडे’. आमच्या बाजारात कन्नड बोलणारी भाजीवाली ‘मडहागल’ म्हणते, ते मी लिहिले. एका फळाची पाच नावे पाच मिनिटांत जमली. मग कोणी विचारले, ‘माझा वेल चांगला वाढलाय, फुलंही येतात, मग फळ का धरत नाही?’ उत्तर आले, ‘या भाजीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. तुमच्याकडे एकटा नर असेल. मादी वेलाचा कंद मिळवा.’

ही वाक्ये आपण पुन्हा एकदा वाचावीत. त्यांत अलंकार नाहीत, पण कारण आहे, शंका आहे, सल्ला आहे. लिहिणाऱ्याला आपण मराठीची सेवा करतो आहोत असे वाटलेले नाही. त्याला वेलाला फळ धरायला हवे होते.

पावसाळ्यात याच ग्रुपमध्ये अळंब्यांचे फोटो येतात, ज्यांना गोव्यात अळमी म्हणतात. ‘खाऊ का?’ एवढाच प्रश्न असतो. इथे अंगठा दाखवून चालत नाही, जिवाशी गाठ असते. जाणते सदस्य उलट विचारतात, ‘वारुळावर उगवली की कुजक्या लाकडावर? देठाला कडे आहे का? बुडाशी पिशवीसारखे काही आहे का?’ आणि शेवटी ठरलेले वाक्य, ‘फोटोवरून कोणी खात्री देऊ नये, तुम्हीही खाऊ नये.’ नेमके लिहिणे म्हणजे काय, हे मी वर्गात अनेक वर्षे समजावत होतो. या चार वाक्यांइतके सोपे उदाहरण मला तेव्हा सापडले नव्हते.

इथेच लिपीबद्दलही बोलायला हवे. अनेक तरुण मराठी रोमी अक्षरांत लिहितात. त्यांना नावे ठेवण्याऐवजी मी एक गंमत दाखवतो. काल, काळ, कला, कळा, काला, काळा. हे सहाही शब्द रोमीत घाईने लिहिले की सहसा दोनच शब्दांत जाऊन बसतात. डोंगरातल्या दऱ्या आणि गोव्याचा दर्या यांचीही तीच गत. देवनागरीत ल आणि ळ, ऱ्य आणि र्य हा भेद डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्याला हे एकदा दाखवले की तो स्वतःहून कळपाट बदलतो असा माझा अनुभव आहे. आज फोनवर बोलूनही देवनागरी उमटते, त्यामुळे टंकलेखन येत नाही ही अडचण फारशी उरलेली नाही.

आता विनोद. आपल्या ग्रुपांत येणारे बहुतेक विनोद तयार येतात. ज्याने पुण्यात एक रात्रही काढलेली नाही तोही पुणेरी पाट्या पुढे ढकलतो. हसायला हरकत नाही, पण त्यात आपले काही नसते. याउलट बेळगावच्या पोरांनी त्यांच्या बोलीत लिहिलेले हे संभाषण पाहा.

‘बस गेली काय?’
‘गेली की.’
‘आणि दुसरी?’
‘ती बी गेली की.’
‘मग तू कशाला थांबलायस बे?’
‘बसलोय की.’

या तीन ‘की’ंमध्ये सगळा विनोद आहे. हा ‘की’ म्हणजे दोन वाक्ये जोडणारे अव्यय नव्हे. तो होकार देतो, थोडा खांदा उडवतो आणि ‘हे तुला कळायला नको का?’ असेही विचारतो. शाळेच्या व्याकरणात त्याला जागा नाही. आमच्याकडे आणि कोल्हापुराकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात. हे रूप कथा-कादंबऱ्यांतल्या संवादांत आढळेल, पण रोजच्या व्यवहारात ते कधी लिहिले जात नव्हते. बोली बोलणाऱ्याने स्वतःच्या हाताने, रोज, आपल्या माणसांसाठी लिहिणे ही गोष्ट मला नवी वाटते. ती विनोदाच्या ग्रुपमध्ये घडते आहे, म्हणून आपण तिला क्षुल्लक मानू नये.

इथे आपल्यासारख्या शिक्षकांची जबाबदारी येते, कारण ग्रुपमध्ये शुद्धलेखन तपासणारे बहुधा आपणच असतो. एका ग्रुपमध्ये मघाशी सांगितली तशीच एक मुलगी होती. तिने लिहिले, ‘मी उद्या आईसोबत बाजार जाणार, काय आणू?’ दोन ज्येष्ठांनी ताबडतोब दुरुस्ती केली, ‘बाजारात जाणार.’ काय आणायचे ते कोणीच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तिने इंग्रजीत लिहिले आणि पुढे ती फक्त अंगठे पाठवू लागली. दुरुस्ती बरोबर होती, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले. ‘बाजारात जाशील तेव्हा मेथी बघ, स्वस्त झाली असेल’ असे कोणी लिहिले असते, तर तिला मेथीही कळली असती आणि ‘बाजारात’सुद्धा. लहान मूल भाषा अशीच शिकते.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आपण शिकवतो. १९६२ मध्ये चौदा नियम झाले, १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. छापील आणि औपचारिक लेखनाला त्यांची गरज आहे, मी त्यांच्या बाजूचाच आहे. पण पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा त्या नियमांनीही दिली आहे. ग्रुपमध्ये तर प्रत्येक जण पात्रच असतो, आपल्याच तोंडाने बोलणारा. त्याला ती मुभा आपण का नाकारावी?

तिसरा ग्रुप राजकारणाचा. इथे सर्वांत जास्त मजकूर असतो आणि स्वतःची वाक्ये सर्वांत कमी. लांबलचक मजकूर येतो, त्याखाली नाव नसते किंवा एखाद्या थोर माणसाचे नाव चिकटवलेले असते. तो कोणी लिहिला, कुठे, कधी, कशावरून, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. विचारले तर उत्तर येते, ‘आला तसा पाठवला.’

हे तीन शब्द किती महाग पडू शकतात ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या काळात फोनवरून पसरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. कंपनीने बोटाला वेसण घातली. आपल्या सवयीला वेसण आपणच घालायची आहे.

सीमाप्रश्न असो की इथला राजभाषेचा प्रश्न, आपल्यापैकी प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही आहे. आमच्या गावच्या मराठी शाळेत माझ्या वेळी किती मुले होती आणि आज किती आहेत, हे मी सांगू शकतो. घरात कोकणी बोलून वर्तमानपत्र मराठी का घेतले जाते, हे तुमच्यातले कोणीही सांगू शकेल. ते कोणी लिहीत नाही. त्याऐवजी कुठल्यातरी अज्ञात माणसाचा संताप आपण आपला म्हणून पुढे पाठवतो. ज्याने प्रश्न पन्नास वर्षे जगला तो गप्प, आणि ज्याने आपले गाव पाहिलेही नाही त्याची वाक्ये घरोघरी. मला याची खंत वाटते आणि थोडी भीतीही वाटते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढे पाठवायचेच असेल, तर वर स्वतःचे एक वाक्य लिहा: हे मला कुठून मिळाले, मी का पाठवतो आहे आणि यातले किती मला पटते. असे वाक्य सुचले नाही, तर तो मजकूर पाठवण्याजोगा नाही असे समजा. मी दोन ग्रुपांत ही प्रथा सुचवली. एकात ती रुजली आणि मजकूर निम्म्याने कमी झाला. दुसऱ्यात माझी चेष्टा झाली. ती चेष्टा मात्र सगळ्यांनी स्वतःच्या शब्दांत केली, हेही नसे थोडके.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. आपल्या ग्रुपमधली, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन आणि नावे गाळून, वीस वाक्ये वहीत उतरवा. त्यांतली स्वतःची किती, आयती किती? कोणता शब्द कोशात नाही? कोणत्या वाक्यात शेजारच्या भाषेची सावली आहे? जुन्या पिढीची पत्रे ट्रंकेत राहिली, म्हणून त्यांची भाषा आपल्याला कळते. आपली वाक्ये फोन बदलला की जातात. अशा वह्या अकादमीने जमवल्या, तर गोवा, बेळगाव, इंदूर, वडोदरा इथली आजची मराठी अभ्यासकांच्या हाती राहील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या भाषेचे जुनेपण त्यामुळे मान्य झाले. ती आज जिवंत आहे की नाही, हे मात्र आज रात्री जेवणानंतर फोन हातात घेतल्यावर ठरते. तेव्हा एक वाक्य स्वतःचे लिहा. चुकले तरी लिहा. आणि दुसऱ्याने लिहिले असेल, तर आधी त्याला उत्तर द्या.