गाडीचे टायर आणि आपला मुलूख



कल्याणहून निघालेला मुरबाडचा रस्ता सरळगाव, टोकावडे ही गावे मागे टाकीत माळशेजच्या पायथ्याशी पोहोचतो आणि तेथून सह्याद्री चढून ओतूर-आळेफाट्याच्या पठारावर जातो. ज्या नाणेघाटाने सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल जुन्नरच्या बाजारपेठेकडे जात असे, त्याची चढणही याच रस्त्याच्या कडेला, वैशाखरे गावाजवळ लागते. आता आषाढ लागला की शनिवार-रविवारी या वाटेवर चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यांतील पुष्कळ गाड्यांना ठळक गुटक्यांचे, ‘ऑल टेरेन’ या नावाने विकले जाणारे टायर बसविलेले असतात. हे टायर कोणी घ्यावेत, कोणत्या जातीचे घ्यावेत आणि कोणत्या मापाचे घ्यावेत, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अशा गाडीची आणि आपल्या मुलखाची ओळख तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या कडेला मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींतून सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या युद्धातील विलीज जीपला सहा इंच रुंदीचे आणि सोळा इंची रिमचे, पुढे-मागे दोन्ही दिशांना सारखीच पकड देणाऱ्या आडव्या गुटक्यांचे टायर असत. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि कलेक्टरपासून मामलेदारापर्यंत सर्वांच्या फिरस्तीचा तो सरकारी शिरस्ताच होऊन गेला. त्या अंमलदारांना टायरची निवड करावी लागत नसे. खात्याकडून जे येईल ते चालवावे, आणि गोटा झाले की मागणीपत्र लिहावे. आज नाशकात तयार होणारी थार घेणाऱ्या गृहस्थापुढे मात्र दुकानात टायरांची भिंतच उभी असते, आणि दुकानदार त्यांतला सर्वांत दांडगा टायर पुढे काढतो.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी चिखलातून निघते, चढ चढते; पण थांबण्याच्या कामी त्या यंत्रणेचा काडीचाही उपयोग नाही, कारण ब्रेक साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतातच. गाडी थांबते ती टायराच्या पकडीवर. पावणेदोन टनांची गाडी आणि टायरात बत्तीस पौंड हवा धरली, तर प्रत्येक चाकाखाली जमिनीला टेकलेला रबराचा भाग सुमारे दोनशे चौरस सेंटीमीटर भरतो, म्हणजे तळहाताहून थोडा मोठा. तेवढ्याशा जागेवर आपला सारा भरवसा असतो, आणि ती जागा वर्षातून किती दिवस कोणत्या जमिनीवर टेकणार आहे, याचा प्रामाणिक जमाखर्च मांडल्यावाचून टायराची निवड करणे म्हणजे पदरचे पैसे देऊन दुसऱ्याची हौस भागविणे होय.

हा जमाखर्च कल्याण-डोंबिवलीकराने मांडला तर काय दिसते? शिळफाट्याचा रस्ता, पत्रीपूल, भिवंडीकडे जाणारा दुर्गाडीचा पूल, ठाण्यापर्यंतची गर्दी. थोडक्यात काँक्रीट आणि डांबर, आणि त्यातही चार महिने ओले. उरलेल्या थोड्या दिवसांत माळशेज, बारवी धरणाकडचा भाग, मलंगगडाचा पायथा, कधी शहापूर तालुक्यातील एखादी कच्ची वाट. म्हणजे ज्या टायराची खरी परीक्षा व्हावयाची ती डोंगरात नव्हे, तर शिळफाट्याच्या ओल्या काँक्रीटवर, पुढचा टेंपो अचानक थांबतो त्या क्षणी.

बाजारात साधारण तीन जाती मिळतात. पहिली केवळ पक्क्या सडकेची, बारीक नक्षीची. दुसरी ऑल टेरेन. तिसरी चिखलाची, जिच्या गुटक्यांमधून बोट सहज आत जाते आणि जी चालताना घोंघावते. या तिसऱ्या जातीविषयी माझे मत स्पष्ट आहे: ज्याला शर्यतीत उतरावयाचे नाही किंवा रोज शेतातून गाडी काढावी लागत नाही, त्याने तिच्या वाटेस जाऊ नये. सोसायटीच्या आवारात गाडी रुबाबदार दिसावी ही इच्छा गैर नाही, पण त्या रुबाबाची वसुली पावसात ब्रेक दाबताना होते. मोठ्या, मोकळ्या गुटक्यांचे रबर ओल्या गुळगुळीत काँक्रीटला कमी टेकते आणि गाडी थांबावयास अधिक अंतर घेते. शिवाय इंधन जादा लागते. ऑल टेरेन हा मधला मार्ग आहे. मात्र त्यातही सौम्य आणि उग्र असे दोन प्रकार पडतात. टायर हातात घेऊन पाहावा. गुटक्यांच्या अंगावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेघा दाट असतील, तर ओल्या रस्त्यावर त्या रेघा उघडून पाण्याचा पातळ थर तोडतात आणि कडांची पकड वाढते. रेघा विरळ आणि गुटके सुटे असतील, तर तो टायर चिखलाकडे झुकलेला समजावा. कल्याणच्या माणसाने सौम्य प्रकार घ्यावा.

चिखलही सगळीकडे एकच नसतो. घाटाखाली भातखाचरांच्या बांधावरचा गाळ पातळ असतो. त्यातून ऑल टेरेन बहुधा निभावतो, कारण चाक फिरताच तो झटकला जातो. घाटावर गेल्यावर लागणारी काळी चिकण माती मात्र गुटक्यांमधल्या खाचांत अशी ठासून बसते की दहा-वीस हातांच्या आत टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो आणि मग कंपनीचे नाव कोणतेही असो, गाडी जागच्या जागी फिरते. अशा जमिनीवर शहाणपण एवढेच की पाऊस उघडून एक-दोन दिवस ऊन पडेपर्यंत जाऊ नये. तिसरा वैरी म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. फुटलेल्या बेसॉल्टची कड धारदार असते, आणि ती तळव्यापेक्षा टायराच्या बाजूलाच लागते, जेथे पंक्चर काढता येत नाही. म्हणून दगडाळ वाटेवर जाणाऱ्याने नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीचा मजबूतपणा पाहावा.

त्या भिंतीवर जे आकडे कोरलेले असतात ते वाचावयास शिकले पाहिजे. थारच्याच दोन मापांचे उदाहरण घेऊ. २४५/७५ आर १६ याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५, बांधणी रेडियल, आणि रिम सोळा इंच. गुणाकार-बेरीज केली की चाकाचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. दुसरे माप २५५/६५ आर १८. त्याचा व्यास सुमारे ७८९, म्हणजे चाक थोडे मोठे, पण भिंत १८४ मिलिमीटरऐवजी १६६ मिलिमीटरच उंच. दगडधोंड्यांत ही उंच भिंतच धक्का झेलते. सबब, अठरा इंची रिम दिसावयास ऐटबाज असली तरी वाटेबाहेर सोळा इंची बरी.

कित्येक जण याही पुढे जाऊन २६५/७५ आर १६ बसवितात. व्यास ८०४ मिलिमीटरवर जातो, म्हणजे जवळजवळ शेकडा चार वाढतो, आणि वेगदर्शक काटा ऐंशी दाखवीत असता गाडी त्र्याऐंशीने धावते. इंजिनाची ओढ तेवढीच मंदावते, स्टेअरिंग पुरे वळविले की टायर मडगार्डला घासतो, आणि सर्वांत नाजूक मामला पुढेच आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा पाहणी अधिकारी हाच दस्तऐवज हाती घेऊन उभा राहतो. कंपनीने ठरविलेले माप सोडू नये, हा माझा सल्ला भित्रेपणाचा वाटला तरी चालेल.

खरेदी करताना आणखी दोन खुणा पाहाव्यात. आय.एस.आय.चा शिक्का आहे ना, हे पाहावे. दुसरी खूण चार अंकांची. ३२२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. परदेशी नावे सांगून जुना साठा खपविला जातो तो येथेच उघडा पडतो; जून २०२० पासून टायरांच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आल्याने अशा नावांची किंमतही अवाच्या सवा सांगितली जाते. देशी कारखान्यांत आज उत्तम ऑल टेरेन टायर तयार होतात. १९२४ साली इटलीतील तुरिन शहरात जन्मलेल्या आणि १९५८ पासून मुंबईत मुळे धरलेल्या सीएटसारख्या कंपनीचा माल सोडून दूर जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

टायर चार नव्हे, पाच घ्यावेत. स्टेपनी जुन्या मापाची राहू दिली आणि आडरानात ती लावून चारही चाकांची ओढ जोडली, तर लहान-मोठ्या व्यासाची चाके एकाच फेऱ्यात वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि त्या ओढाताणीत गिअरच्या पेटीचे नुकसान होते. पाचही टायर आळीपाळीने फिरवीत राहिल्यास ते एकसारखे झिजतात. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. पावसाळी घाटात जाणाऱ्याने तेथवर थांबूही नये.

हवेविषयी लोक फारसे बोलत नाहीत, पण निम्मी करामत तिच्यातच आहे. मऊ जमिनीवर बत्तीस पौंडांची हवा अठरावर आणली की टेकलेली जागा दोनशेवरून साडेतीनशे चौरस सेंटीमीटरच्या घरात जाते, आणि साधा टायरही रुतलेल्या गाडीला बाहेर काढतो. मात्र पक्क्या सडकेवर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर भिंत तापून टायर फुटण्याचा धोका असतो. तेव्हा हवा भरण्याचा छोटा पंप आणि दाब मोजण्याचे मापक गाडीत ठेवण्याची तजवीज आधी करावी, छतावरच्या दिव्यांची नंतर.

राहता राहिले जुने टायर. ते दुकानदाराला देऊन मोकळे व्हावे, कुंड्या करण्याच्या विचाराने इमारतीच्या गच्चीवर रचून ठेवू नयेत. पावसाचे पाणी त्यांत साचते, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात, आणि मग पालिकेची माणसे औषध फवारावयास येतात ती थेट गच्चीवरच.