काउंटरखालची तबकडी

(गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुन्या वस्तूंचे दुकान आणि गिऱ्हाईक’ असे छापले आहे. म्हणून आधीच खुलासा करतो, दुकान माझे नाही. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ प्रमाणे मला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, आणि आमचे साहेब तिसऱ्या रांगेत बसले आहेत! मी बोलणार आहे तो गिऱ्हाईक म्हणून.

फ्री स्कूल स्ट्रीटला, म्हणजे कागदोपत्री मिर्झा गालिब स्ट्रीटला, जुन्या रेकॉर्डचे एक दुकान आहे. आपल्या मखराएवढेच असेल. तबकड्या, दोन-चार ग्रामोफोन, बंद पडलेली घड्याळे. मालकांना सगळे दादा म्हणतात. पाटीवर ‘अँटिक’ हा शब्द त्यांनी मुद्दाम लिहिलेला नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांपुढची वस्तू येते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. दादा म्हणतात, “आमचा माल अजून त्या वयाचा व्हायचा आहे.”

तिथून जवळच रसेल स्ट्रीटवर १९४० साली सुरू झालेले रसेल एक्सचेंज हे प्रसिद्ध लिलावघर. लिलावात हातोडा पडला की व्यवहार संपला. दादांकडे मात्र पैसे दिल्यावर गप्पा सुरू होतात. रेकॉर्ड कोणासाठी, घरी मशीन कुठले, सुई बदलता की नाही? लोखंडी सुई दर गाण्याला बदलायची असते, नाहीतर ती तबकडीच खाते. गिऱ्हाईक म्हणाले की एकच सुई महिनाभर चालते, तर दादा चांगली रेकॉर्ड त्याला दाखवतसुद्धा नाहीत. असा दुकानदार श्रीमंत होत नाही, हे मी पाहिले आहे.

आता आपल्या मराठी माणसाचा संबंध. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली सियालदहला रेकॉर्डचा कारखाना काढला आणि पुढे १९२८ च्या सुमारास तो डमडमला गेला. त्याआधी इथे ध्वनिमुद्रण झाले तरी तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत जी नाट्यपदे वाजली, त्यांतल्या कितीतरी तबकड्या या आपल्या कोलकात्यात तयार झालेल्या. लाखेच्या त्या काळ्या चकतीने उलटसुलट दोन-अडीच हजार मैल प्रवास केला, तोही रेल्वेनेच.

आमचे आजोबा बेंगॉल नागपूर रेल्वेत नागपूरहून खड्गपूरला आले, ते अशा बत्तीस तबकड्या घेऊन. बाबांनी त्या जपल्या. २०१२ साली बाबा गेले. त्याच वर्षी माझी बदली झाली, क्वार्टर लहान मिळाले आणि एका रविवारी मी ती पेटी दादांच्या काउंटरवर नेऊन ठेवली. त्यांनी प्रत्येक तबकडी उजेडात धरून पाहिली. बालगंधर्वांच्या एका तबकडीला तडा होता. “हिचे वीस रुपये. पण वाजवून दाखवा, तुमच्या घरी कशी वाजत होती ते ऐकू दे.”

वाजवली. प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. रुळाची लांबी तेरा मीटर, म्हणजे ताशी साठ-एकसष्ट किलोमीटरच्या गाडीत एका चाकाला सांधे लागतात, नेमका तोच ठेका. बाबा मांडीवर त्याच ‘टक्’वर ताल धरायचे. हे मी दादांना सांगितले, पैसे मोजून घेतले आणि निघून आलो.

आठ महिन्यांनी आईने विचारले, “ती टक्-टक् करणारी कुठे ठेवलीस रे?” मी तिला न सांगताच विकले होते. आईपुढे मान वर करता येईना. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. एकतीस तबकड्या गेल्या होत्या. दादांनी काउंटरखालून बत्तिसावी काढली. वर चिठ्ठी, ‘इंजिनियरबाबू’.

“विकली का नाही?”

“वडील गेल्यावर वर्षाच्या आत विकायला येणारा माणूस परत येतोच. आणि तडा आहे हे सांगितल्याशिवाय मी विकत नाही, मग घेतो कोण?”

किंमत विचारली तर वीसच रुपये घेतले. आठ महिने जागा अडवल्याचे भाडे म्हणून एक चहा मात्र मला पाजावा लागला.

उरलेल्या एकतीस कोणाकडे गेल्या हे त्यांच्या वहीत आहे. त्यांतले दोघे आता माझे स्नेही आहेत. एक श्रीरामपूरचे निवृत्त शिक्षक. मराठीचे अक्षर कळत नाही, पण दर पौषात मला फोन करून एका पदाचा अर्थ विचारतात. गेल्या वर्षी सांगितलेला ते विसरलेले असतात, आणि मीही पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

आईने ती तबकडी कालच लावली होती. सुई नवी होती.